चिनी भाषेतील शरद : वाक्प्रचार व काव्यसंकेत यांचा ऐतिहासिक विचार

चिनी काव्याचा परिचय करून देणाऱ्या ग्रंथांतून एक विधान वारंवार आढळते. ते असे की, शरद ऋतू हा चिनी मनाला स्वभावतःच विषादाचा ऋतू वाटतो. पाने गळतात, हवा थंड होऊ लागते, रानहंसांचे थवे दक्षिणेकडे निघतात आणि कवीचे अंतःकरण व्याकुळ होते. हे विधान सर्वस्वी खोटे नाही. परंतु त्यात कार्यकारणभावाची उलटापालट झालेली आहे. ज्या भाषेत शरदाचे नाव सहस्र वर्षांच्या आयुष्याला, मापातील अत्यंत सूक्ष्म अंशाला, राष्ट्रावरील संकटाच्या घटकेला, न्यायखात्याला आणि स्त्रीच्या नेत्रकटाक्षालाही दिले जाते, त्या भाषेत विषाद हा या शब्दाचा मूळ अर्थ असणे संभवनीय नाही. तो अनेक थरांपैकी एक थर आहे आणि कालक्रमाने पाहता तो बराच वरचा आहे. हे थर एकमेकांपासून वेगळे करून पाहिल्यास शरदविषयक वाक्प्रचार हा राष्ट्रीय स्वभावाचा पुरावा न राहता कृषी, दंडनीती, लष्कर व राजसेवा या संस्थांच्या इतिहासाचा पुरावा ठरतो.

प्रथम शब्दाचा विचार करणे सोयीचे होईल. आधुनिक उत्तर चिनी उच्चारात शरदाला 'छ्यौ' असे म्हणतात. आज प्रचलित असलेल्या लेखनचिन्हात डावीकडे धान्याचे व उजवीकडे अग्नीचे चिन्ह असते. इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या 'श्वोवन ज्येत्स' या कोशात या शब्दाचा अर्थ धान्याची परिपक्वता असा दिला आहे. परंतु आनयांग येथे सापडलेल्या, शांग राजवटीच्या अखेरच्या काळातील अस्थिलेखांत या चिन्हाचे रूप वेगळे दिसते. तेथे धान्य नसून एका कीटकाची आकृती आहे आणि काही ठिकाणी तिच्याखाली अग्नी दाखविलेला आहे. हा कीटक रातकिडा असावा असे काही अभ्यासकांना वाटते, तर इतरांना ती पिकांवर पडणारी टोळ जाळण्याची क्रिया वाटते. दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान आहे. कीटक आवाजाने ओळखला गेलेला असो वा उपद्रवाने, या शब्दाच्या मुळाशी भावना नसून शेतातील एक प्रत्यक्ष घटना आहे. प्राचीन काव्यसंग्रह 'शिजिंग' मध्ये सातव्या महिन्यापासून सुरू होणारे जे दीर्घ कृषिगीत आहे, त्यातही रातकिडा महिन्यामहिन्याने शेतातून वळचणीखाली, तेथून दारात आणि अखेर बिछान्याखाली येतो. तेथे तो दुःखाचे प्रतीक नसून केवळ पंचांगाचे काम करतो.

शांगकाळी वर्षाचे चार नव्हे तर दोनच भाग मानले जात, एक वसंताचा व दुसरा शरदाचा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यामुळे 'वसंत-शरद' हा जोडशब्द 'वर्ष' या अर्थाने रूढ झाला. लू राज्याच्या इ. स. पू. ७२२ ते ४८१ या कालखंडातील नोंदींच्या बखरीचे नाव 'छुनछ्यौ', म्हणजे अक्षरशः 'वसंत-शरद', असे आहे आणि त्या ग्रंथावरून पुढे संपूर्ण युगालाच ते नाव मिळाले. यांपैकी एकटा शरदही वर्षाचा वाचक होऊ शकतो. 'सहस्र शरद' म्हणजे चिरकाल. थांग सम्राट श्वेनजोंग याचा जन्मदिवस आठव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येत असे आणि इ. स. ७२९ मध्ये त्या दिवसाला 'सहस्रशरदोत्सव' असे नाव देण्यात आले. उलट, राजाच्या मृत्यूचा उल्लेख टाळावयाचा असेल तेव्हा 'सहस्र शरदांनंतर' असे म्हणण्याचाही प्रघात होता. भारतीय वाचकाला हा संकेत अपरिचित वाटण्याचे कारण नाही. वैदिक प्रार्थनांत आयुष्य शंभर शरदांनी मोजलेले आहे आणि अमरकोशाने 'शरद्' या शब्दाची गणना वर्षवाचक शब्दांत केली आहे. पुढे मात्र आपल्याकडे पावसाळ्यावरून आलेल्या 'वर्ष' या शब्दाने व्यवहारातून त्याला हटविले. चिनी भाषेत शरदाचा हा जुना अधिकार वाक्प्रचारांत टिकून राहिला.

या संदर्भात एका प्रसिद्ध वाक्प्रचाराचा विचार उद्बोधक आहे. प्रिय व्यक्तीच्या विरहात एक दिवस तीन शरदांएवढा भासतो, असे चिनी माणूस आजही पत्रातून लिहितो आणि त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे तीन वर्षे असा घेतला जातो. हा प्रयोग 'शिजिंग' मधील एका छोट्या गीतावरून आला आहे. त्या गीतात तीन कडवी असून विरहाचा एक दिवस पहिल्यात तीन महिन्यांइतका, दुसऱ्यात तीन शरदांइतका व तिसऱ्यात तीन वर्षांइतका मोठा होतो. या चढत्या क्रमाचा विचार केला, तर मधल्या कडव्यातील तीन शरद म्हणजे तीन वर्षे असणे शक्य नाही. तेथे तीन ऋतू, म्हणजे नऊ महिने, अभिप्रेत असले पाहिजेत. जुन्या भाष्यकारांनीही असाच अर्थ केलेला आहे. गीतापासून तुटून वाक्प्रचार स्वतंत्र झाला आणि 'शरद म्हणजे वर्ष' या बलवत्तर संकेताने त्याचा अर्थ आपल्याकडे ओढून घेतला.

वर्षगणनेच्या या थराला लागूनच कापणीचा थर आहे. 'वसंतातले फूल, शरदातले फळ' हा प्रयोग विद्वत्ता व चारित्र्य, किंवा आरंभ व सिद्धी, यांसाठी योजला जातो. त्यात खेदाचा लवलेशही नाही. 'शरद-रोम' हा शब्द असाच आहे. हिवाळ्याच्या तोंडावर पशूंच्या अंगावर जी नवी, अत्यंत बारीक लव येते तिला हे नाव आहे. मेन्शियसने छी राज्याच्या श्वेन राजाला प्रश्न विचारला होता की, ज्याला या रोमाचे टोक दिसते पण लाकडांनी भरलेली गाडी दिसत नाही, अशा माणसावर कोण विश्वास ठेवील? इ. स. पू. २०६ मध्ये हान वंशाचा संस्थापक ल्यौ बांग याने छिन राजधानी श्येनयांग घेतली, तेव्हा तेथील संपत्तीच्या शरद-रोमालाही आपण स्पर्श केला नाही, असा त्याचा दावा सीमा छ्येनच्या इतिहासग्रंथात नोंदलेला आहे. शिस्तबद्ध सैन्याने प्रजेच्या काडीलाही हात न लावणे यासाठी हा वाक्प्रचार पुढे दोन हजार वर्षे चालत आला.

कापणी हाच वर्षाचा निर्णायक क्षण. त्या थोड्या दिवसांत धान्य घरात आले तर कुटुंब तरते, नाही तर उपासमार ठरलेली. यावरूनच 'शरद' या शब्दाला 'आणीबाणीची घटका' असा अर्थ प्राप्त झाला. इ. स. २२७ मध्ये उत्तरेवरील स्वारीस निघण्यापूर्वी शू राज्याचा महामंत्री जूगे ल्यांग याने आपल्या तरुण राजाला जे निवेदन सादर केले, त्यात राज्याच्या अस्तित्वाच्या कसोटीच्या काळाला त्याने 'शरद' असेच म्हटले आहे. त्यावेळी प्रत्यक्ष ऋतू कोणता होता हा प्रश्न येथे गैरलागू आहे. 'अनेक घडामोडींचा शरद' ('दुओ शी जी छ्यौ') हा वर्तमानपत्री प्रयोग याच वंशातला. मराठीत याचे भाषांतर करताना 'शरद' हा शब्द ठेवल्यास वाक्य निरर्थक होते. 'कठीण काळ' किंवा 'धामधुमीचा काळ' असेच म्हणावे लागते.

तिसरा थर राज्यसंस्थेने घातलेला आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. 'जौली' या ग्रंथात राज्यकारभाराची सहा खाती स्वर्ग, पृथ्वी व चार ऋतू यांच्या नावांनी वाटलेली आहेत. त्यांत 'शरद-खाते' हे दंडाचे खाते होय. 'लीजी' मधील मासिक आदेशांच्या प्रकरणात शरदाच्या पहिल्या महिन्यात तुरुंगांची डागडुजी करावी, अपराध्यांची चौकशी करावी आणि सैन्य सज्ज करावे, असे सांगितले आहे. पंचतत्त्वांच्या मांडणीत शरदाकडे धातू, पश्चिम दिशा व पांढरा रंग आला. ज्या काळात निसर्गच वनस्पतींचा संहार करतो त्या काळात राजानेही मृत्युदंड अमलात आणावा, वसंतात मात्र तो टाळावा, ही यामागील विचारसरणी. ती केवळ ग्रंथांत राहिली नाही. मिंग राजवटीत १४५९ मध्ये मृत्युदंडाच्या खटल्यांची दरबारी फेरतपासणी दरवर्षी 'हिमपात' या शरदातील अखेरच्या पर्वानंतर घेण्याची पद्धत सुरू झाली. छिंग राजवटीत प्रांतोप्रांतीच्या अशा खटल्यांची 'शारदीय तपासणी' होत असे. तीत कैद्यांची विभागणी केली जाई : ज्यांचा अपराध निःसंशय मृत्युदंडास पात्र आहे ते, ज्यांची शिक्षा पुढे ढकलावी ते, जे दयेस पात्र आहेत ते, आणि ज्यांच्यावाचून वृद्ध आईबापांना किंवा पितरांच्या पूजेला कोणी उरणार नाही ते. पहिल्या वर्गातील नावांच्या यादीवर सम्राट स्वहस्ते लाल शाईच्या कुंचल्याने खुणा करी. ज्यावर खूण झाली त्याचा मृत्युदंड अमलात येई; जो वाचला तो पुढील शरदाची वाट पाही.

'शरदानंतर' या साध्या शब्दाला चिनी कानांत जी धार आहे ती या पार्श्वभूमीवर समजते. 'शरदानंतर हिशेब करणे' ('छ्यौ हौ स्वान जांग') याचा वाच्यार्थ शेतकऱ्याचा आहे; सुगी झाल्यावर देण्याघेण्याचा निकाल लावावयाचा. परंतु त्याचा प्रचलित अर्थ, आज गप्प बसून योग्य वेळ येताच विरोधकांवर सूड उगविणे, असा झाला आहे आणि विसाव्या शतकाच्या राजकारणात तो विशेष रुळला. धान्याचा हिशेब व माणसांचा हिशेब हे एकाच ऋतूत होत असल्यामुळे अर्थाचे हे स्थलांतर भाषेला सहज साधले.

दंडाबरोबर युद्धही शरदातच येते. उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील घोडे उन्हाळाभर चरून पुष्ट होत आणि चीनच्या सीमेवरील कोठारे नव्या धान्याने भरत. स्वाऱ्या होत त्या याच वेळी. 'शरदाचे आकाश उंच, घोडे पुष्ट' ('छ्यौ गाओ मा फेइ') हा वाक्प्रचार म्हणूनच मुळात सृष्टिवर्णन नसून धोक्याचा इशारा आहे. थांग काळात तिबेटी स्वाऱ्यांना तोंड देण्यासाठी पश्चिम सीमेवर जे सैन्य पाठविले जाई, त्या कामाला 'शरद-रक्षण' असेच नाव होते. महाराष्ट्राच्या इतिहासाशी याची तुलना करण्यासारखी आहे. पावसाळा संपून नद्यांना उतार मिळाला की मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करीत. ऋतू एकच, निमित्तही तेच, म्हणजे घोड्यांना चारा व मोकळ्या वाटा. परंतु एका भाषेत तो बाहेर पडण्याचा मुहूर्त ठरला, तर दुसरीत बाहेरून येणाऱ्या संकटाचा. ऋतूचा अर्थ हवामान ठरवीत नाही, त्या हवामानात माणूस कोणत्या बाजूला उभा आहे हे ठरविते.

आता विषादाच्या थराकडे वळता येईल. तो आरंभापासून निश्चित नव्हता याचा उत्तम पुरावा हानकालीन विचारांत मिळतो. दोंग जोंगशू याच्या नावावर असलेल्या ग्रंथात चार ऋतूंना चार भाव वाटून दिले आहेत : वसंताला हर्ष, ग्रीष्माला सुख, शरदाला क्रोध आणि हिवाळ्याला शोक. म्हणजे दंडनीतीशी सुसंगत असा क्रोध हाच येथे शरदाचा भाव आहे. वैद्यकग्रंथांच्या परंपरेत मात्र शरद, फुप्फुस व चिंता यांची सांगड घातलेली आढळते. या विषयावर त्या काळी एकमत नव्हते, एवढे यावरून निःसंशय सिद्ध होते. त्याच हान काळात, इ. स. पू. १३९ मध्ये राजपुत्र ल्यौ आन याने सम्राटाला अर्पण केलेल्या 'ह्वायनान्त्स' या ग्रंथात एक पान गळताना पाहून वर्षाचा अंत जवळ आल्याचे ओळखावे, असा दृष्टांत आहे. तेथे विषय शोकाचा नसून अनुमानाचा आहे. जवळच्या लहान खुणेवरून दूरची मोठी गोष्ट कशी जाणावी, हे त्यात सांगितले आहे. आजचा 'एका पानावरून शरद ओळखणे' ('यी ये जी छ्यौ') हा वाक्प्रचार त्यावरूनच निघाला. शितावरून भाताची परीक्षा ही आपली म्हण त्याच्या जवळ जाते. मात्र चिनी प्रयोगात येऊ घातलेल्या ऱ्हासाची चाहूल अधिक आहे.

काव्यात शरदविषादाचा पाया घालण्याचे श्रेय परंपरेने सोंग यू या इ. स. पू. तिसऱ्या शतकातील छू राज्याच्या कवीला दिले जाते. त्याच्या नावावरील 'ज्यौब्येन' या दीर्घ काव्याचा आरंभच शरदाच्या खेदाने होतो. परंतु त्या खेदाचा धनी कोण आहे हे दुर्लक्षून चालणार नाही. तो पद गमावलेला, परमुलखात एकाकी पडलेला गरीब विद्वान आहे. पाने गळतात याचे त्याला दुःख आहे ते वर्ष संपत आले, वय वाढले आणि राजाने अद्याप बोलावले नाही म्हणून. शरद हा वर्षाच्या हिशेबाचा काळ. ज्याच्या हाती हिशेबाला दाखविण्यासारखे काही नाही त्याला तो असह्य होतो. पुढील शतकांत राजसेवा हेच सुशिक्षिताचे एकमेव ध्येय बनले. प्रांतिक परीक्षाही आठव्या महिन्यात होऊ लागल्या आणि त्यांना 'शारदीय परीक्षा' म्हणत. १९०५ मध्ये ही परीक्षापद्धती बंद होईपर्यंत अगणित उमेदवारांच्या आयुष्याचा निकाल याच ऋतूत लागत असे. सोंग यूची तक्रार एका वर्गाची सामान्य भाषा बनली ती अशी.

याच सामाजिक परिसरातून इतर संकेत उदयास आले. हान सम्राट छंग याची उपपत्नी बान ज्येयू हिच्या नावावर एक गीत आहे. ते तिचेच आहे की नाही याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. उन्हाळ्यात हातातून न सुटणारा रेशमी पंखा शरद येताच पेटीत टाकला जातो, ही त्यातील कल्पना. 'शरदातला पंखा' म्हणजे टाकून दिलेली स्त्री, आणि लवकरच, मर्जीतून उतरलेला अधिकारी. जांग हान याची कथा याच्या उलट आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी तो लुओयांग येथे एका राजपुत्राच्या पदरी होता. शरदाचा वारा सुटताच त्याला आपल्या वू प्रांतातील पाणभाजी व मासे आठवले आणि तो पद सोडून घरी निघून गेला. थोड्याच काळात त्या राजपुत्राचा पाडाव झाला व लोकांनी जांग हानच्या दूरदृष्टीची वाखाणणी केली. 'पाणभाजी व मासे यांची आठवण' हा वाक्प्रचार घरच्या ओढीसाठी रूढ आहे. त्याच्या आड वेळीच नोकरी सोडण्याचे शहाणपण लपलेले आहे.

सर्व थर एकत्र आलेले पाहावयाचे असतील तर दू फू याच्या शरदविषयक आठ कवितांच्या मालिकेकडे जावे लागते. ७५५ मध्ये सुरू झालेले आन लूशानचे बंड ७६३ मध्ये मोडले आणि त्याच वर्षी तिबेटी सैन्याने राजधानी छांगआन काही दिवस ताब्यात घेतली. ७६६ मध्ये यांगत्सेच्या काठी क्वेइजौ येथे आजारी व पदहीन असलेल्या दू फूने ही मालिका रचली. तिच्यात वर्षगणना आहे, सीमेवरील युद्धाची छाया आहे, गेलेल्या राजसेवेचे स्मरण आहे आणि दूर राहिलेली राजधानी आहे. तिला केवळ ऋतुवर्णन समजणाऱ्याला तिचा निम्मा अर्थही हाती लागत नाही. चिनी लेखनातही या संयोगाची एक खूण आहे. विषादवाचक 'छौ' या शब्दाचे चिन्ह 'हृदया'वर 'शरद' ठेवून लिहितात. कोशकारांच्या दृष्टीने येथे शरद केवळ ध्वनिदर्शक आहे. परंतु कवींनी पुढे त्यावर श्लेष केला आणि हृदयावर उतरलेला शरद म्हणजेच दुःख, असे मानले. विषाद चिन्हातून आला नाही. तो काव्यात रूढ झाल्यावर चिन्हात वाचला गेला. या रूढीला विरोधही झाला. थांग कवी ल्यौ यूशी (७७२–८४२) याने शरदाच्या स्तुतिपर कविता लिहून आपल्याला तो वसंताहून सरस वाटतो असे सांगितले. ज्या अर्थी असा उघड विरोध करावा लागला त्या अर्थी रूढी बळकट झाली होती, पण अबाधित नव्हती.

बोलभाषेने तर या विषादाची फारशी दखल घेतलेली दिसत नाही. शरद लागल्यावरही परत येणाऱ्या कडक उष्म्याला 'शरदातला वाघ' म्हणतात. ओळखीचा फायदा घेऊन पैसे उकळण्याला 'शरदाचा वारा मारणे' असे नाव आहे. 'शरदाचे पाणी' म्हणजे तरुणीचे निर्मळ डोळे, आणि वाट पाहून पाहून डोळे शिणले म्हणजे ते पाणी 'नजरेने भेदले' जाते. 'शरदातली लाट' म्हणजे तिचा कटाक्ष.

मराठी अनुवादकाला यातून काही इशारे मिळतात. चिनी शरद ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे भर पावसात. त्यांचा मध्यशरदाचा चंद्रोत्सव बहुधा भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास येतो, तर आपली कोजागरी त्यानंतर महिन्याने. आपली पानगळ शिशिरात होते आणि मराठी मनाला शरद म्हणजे चांदणे, स्वच्छ पाणी व सण. त्यामुळे 'छ्यौ' साठी सर्वत्र 'शरद' हा एकच शब्द योजणे सोयीचे असले तरी सुरक्षित नाही. त्या त्या ठिकाणी कोणता थर बोलत आहे हे आधी ठरविले पाहिजे.

या विवेचनाचा समारोप एका ऐतिहासिक घटनेने करणे उचित होईल. १५ जुलै १९०७ रोजी छिंग सरकारने शाओशिंग येथे क्रांतिकारक स्त्री छ्यौ जिन हिचा शिरच्छेद केला. तिचे आडनाव 'शरद' हेच होते. कबुलीजबाब लिहिण्यास सांगितले असता तिने शरदातील वारापाऊस व विषाद यांवरील काव्याची एक ओळ तेवढी लिहून दिली, असे सांगितले जाते. त्या दिवशी चिनी पंचांगाप्रमाणे सहावा महिना होता, म्हणजे ऋतू उन्हाळ्याचा होता. शारदीय तपासणीची वाट न पाहता शिक्षा अमलात आली होती. ती ओळ तिचा अखेरचा शब्द म्हणून देशभर स्मरणात राहिली. तिच्यात ऋतूचे वर्णन शोधणे व्यर्थ आहे. तिच्यात एका स्त्रीचे नाव आहे, राष्ट्राच्या आणीबाणीची घटका आहे, मृत्युदंड आहे आणि कवींचा विषादही आहे. चिनी भाषेतील शरदाचे सर्व थर त्या एका शब्दात वाचणाऱ्यांना ऐकू आले, कारण त्यांचा इतिहास त्या शब्दात साठलेला होता.